माळ्यावरची टिस्को

ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत कृष्णेचं पाणी आयर्विन पुलापाशी ५७ फुटांच्या वर गेलं. धोक्याची पातळी ४५ फूट, यावरून काय ते समजा. मामांचं घर गावभागात. पाणी ओसरल्यावर आम्ही दार ढकलून आत गेलो तेव्हा भिंतीवरची गाळाची रेघ माझ्या हनुवटीला लागत होती. खालचं सगळं गेलं. गाद्या, शिलाई मशीन, आजीच्या हातची लोणच्याची बरणी, मामीचं लग्नातलं कपाट, आणि कपाटाशेजारी गोधडीखाली झाकून ठेवलेला एक लाकडी खोक्यातला अँप्लिफायर. त्याबद्दल पुढे सांगते.

तिसऱ्या दिवशी मामी म्हणाली, "माळ्यावरचं तेवढं उतरवून घे गं, ओल चढली असंल." माळ्यावर गौरीच्या मुखवट्यांची ट्रंक होती, पितळी घंगाळं होतं, पुरणयंत्र होतं, मामाच्या नोकरीतल्या हिशेबाच्या वह्या होत्या. या सगळ्याच्या मागे, भिंतीला टेकवून, एक लांब लाकडी पेटी उभी केलेली. सुताराकडून करून घेतलेली, कोपऱ्यांना पत्रा मारलेला, कडी गंजून घट्ट बसलेली. मी पक्कडीने कडी ओढली. आत विटकी लाल मखमल, डांबरगोळ्यांचा भपकारा आणि गिटार.

मी चारेक वर्षांची असताना मामा ही वाजवायचे. आमच्या घरात सगळ्यांना पाठ असलेली गोष्ट अशी, की १९८३ साली मामांनी ऑर्केस्ट्रा सोडला आणि गिटार "दिली कुणाला तरी". कुणाला, हे कधी कुणी विचारलं नाही. मी पेटी तशीच उघडी खाली आणली. मामा ओट्यावर बसून रेशनकार्ड आणि घराचा उतारा दगडाखाली ठेवून वाळवत होते.

"मामा, ही बघा."

त्यांनी मान वर केली, दोन सेकंद बघितलं. "हाय होय अजून?" म्हणाले आणि उताऱ्याची दुसरी बाजू उन्हाकडे केली. मामी फरशी घासत होती ती घासतच राहिली. त्या दोघांपैकी एकाला तरी माहीत होतं असं माझं मत आहे, पण ते असो.

ऑर्केस्ट्रातले सगळे तिला टिस्को म्हणायचे. डोक्यावर इंग्रजीत बिल्ला आहे, तो वाचून. मामांच्या ढोलकीवाल्याचा तर शेवटपर्यंत समज होता की ही जमशेदपूरला टाटांच्या कारखान्यात बनते, म्हणून इतकी जड. खरं तर ती टेस्को. टोकियोत १९४६ साली सुरू झालेली कंपनी, सुरुवातीला हवायन गिटार आणि अँप्लिफायर बनवायची. १९६५ मध्ये अमेरिकेचा व्हेंचर्स बँड जपानात येऊन गेला आणि तिथल्या पोरांना विजेच्या गिटारीचं वेड लागलं. 'एलेकी' म्हणतात ते त्या काळाला. कारखान्यांनी धडाधड गिटारी काढल्या, स्वस्तातल्या, चमचमत्या, भरपूर बटणांच्या. टेस्कोच्या कितीतरी गिटारी अमेरिकेतल्या मोठ्या दुकानांतून वेगवेगळ्या नावांनी विकल्या गेल्या. १९६७ मध्ये कंपनी कावाईकडे गेली, तीच पियानोवाली. म्हणजे ही काही थोर कुळातली गिटार नव्हे. तिकडच्या नवशिक्या पोरांसाठी केलेली. पण १९७१ मध्ये सांगलीत विजेची गिटार म्हणजे काय होतं ते विचारू नका. मामांनी ती मुंबईत एका गोव्याच्या खलाशाकडून घेतली. किती रुपयांना, ते मामीसमोर आजही सांगत नाहीत.

दिसायला अशी: गडद लाल रंग, कडेला काळा होत गेलेला. पुढे रेघारेघांचा ॲल्युमिनियमचा पत्रा. दोन पिकअप (तारेची थरथर विजेत उतरवणारे तुकडे), त्यांच्या धातूच्या झाकणाला खिडक्या कापलेल्या आणि त्या खिडक्यांतून आतली सोनेरी पत्री दिसते, मिठाईवरच्या वर्खासारखी. तीन पांढरी डुलती बटणं, दोन पिकअपसाठी आणि एक आवाजाचा पोत बदलायला. मागच्या पत्र्यावर मेड इन जपान. शिसवीच्या पट्टीवर पहिल्या पडद्याच्या अलीकडे एक जादाचा पडदा, त्याला शून्य पडदा म्हणतात, मोकळी तार त्याच्यावर टेकते.

मी तंत्रनिकेतनात इलेक्ट्रॉनिक्स शिकवते. गिटार मला येत नाही, आजही चार सूर सोडले तर येत नाही. त्यामुळे मी तिच्याकडे पहिल्यांदा पाहिलं ते एक बिघडलेलं यंत्र म्हणून, हे कबूल केलेलं बरं. एका ओळखीच्या मुलाने फोटो कुठेतरी टाकला आणि आठवड्यात दोन फोन आले. एक पुण्याचा दुरुस्तीवाला. म्हणाला, बॉडी घासून नवा रंग देऊ, खुंट्या बदलू, वायरिंग सगळं नवं, एकदम शोरूम. दुसऱ्याला गिटार नकोच होती. त्याला फक्त पिकअप हवे होते, आणि तो देत असलेला आकडा माझ्या अर्ध्या पगाराएवढा होता.

नंतर मला कळलं की हे जगभर चालतं. राय कूडर नावाचा अमेरिकन गिटारिस्ट आहे, विश्वमोहन भट्टांबरोबर १९९४ चं ग्रॅमी ज्याला मिळालं तो. त्याने आपल्या गिटारीत टेस्कोचा हा सोनेरी वर्खाचा पिकअप बसवला आणि तेव्हापासून लोक जुन्या टेस्को विकत घेतात, पिकअप काढतात आणि उरलेलं लाकूड फेकतात. हस्तिदंतासाठी हत्ती मारावा तसं. मी त्याला नाही म्हणाले. पुण्याच्यालाही नाही म्हणाले, पण त्याला का नाही म्हणते आहे हे तेव्हा मला नीट सांगता आलं नसतं.

सांगता यायला लागलं ते गिटारीची मान उतरवल्यावर.

आधी स्क्रूंचं सांगते, कारण निम्म्या जुन्या जपानी वस्तू इथेच खराब होतात. या गिटारीचे स्क्रू साध्या फुलीचे दिसतात, पण ते आपल्याकडच्या नेहमीच्या फुलीच्या स्क्रूड्रायव्हरचे नाहीत. जपानी मापाची फुली थोडी वेगळी असते. नेहमीचा स्क्रूड्रायव्हर त्यात पूर्ण बसत नाही, जोर लावला की वर सरकतो आणि डोकं खाऊन टाकतो. हे मला कुठल्या पुस्तकाने नाही, विश्रामबागेतल्या आमच्या गाडीच्या मेकॅनिकने सांगितलं. आयुष्यभर यामाहा आरएक्स १०० खोलत आलेला माणूस. त्याने त्याचा जपानी स्क्रूड्रायव्हर दिला आणि वर बजावलं, "मॅडम, गंजलेला असंल तर डोक्याला आधी सोल्डरिंगचं टोक लावा मिनिटभर. तापला की सुटतोय." सुटले. चारही सुटले, एकाचंही डोकं गेलं नाही.

मान बाजूला झाली. ती ज्या खाचेत बसते त्या खाचेत काडेपेटीच्या वेष्टणाचा एक तुकडा होता. जहाज छाप. दुमडून दोन पदर केलेला, अगदी कडेला, नीट कात्रीने कापलेला.

फोन केला. मामा म्हणाले, "तारा लई वर होत्या गं तिच्या. बोटं फाटायची. मानंला जरा तिरकं केलं की तारा खाली येत्यात. हिंदकेसरीच्या तालमीमागं शो होता, तिथं स्टेजमागं बसून केलं."

बरोबरच होतं ते. मानेच्या खाचेत पाचर घालून कोन बदलणं हा गिटारवाल्यांचा जगन्मान्य उपाय आहे, मोठमोठ्या कंपन्यांच्या गिटारींतही कागदाच्या पाचरी सापडतात. मामांना ते कुणी शिकवलं नव्हतं. डुगडुगत्या टेबलाखाली काडेपेटी घालतात, तेवढ्या ज्ञानावर केलं.

मग मी शोधायलाच लागले. एका पिकअपपासून निघणारी वायर हिरवी, बाकीच्या काळ्यापांढऱ्या: रेडिओतून काढलेली. ट्रेमोलोच्या, म्हणजे सूर थरथरवायच्या दांड्याच्या टोकाला प्लास्टिकचं टोपण नव्हतं, तिथे छत्रीच्या काडीचं टोक बसवलेलं. पट्ट्याचं एक बटण पितळी, ते दप्तराचं. आणि पेटीच्या कप्प्यात झंडू बामची बाटली, तिच्यात वीस-पंचवीस बारीक पितळी मणी. हे मणी काय ते मला समजेना.

गिटारीच्या तारेच्या टोकाला एक मणी गुंफलेला असतो, त्यावर तार अडते. १९७० च्या दशकात सांगलीत गिटारीच्या तारा मिळत नसत. मुंबईला धोबी तलावावर फुर्टाडोजमध्ये मिळायच्या, पण मुंबईला जाणार कोण आणि कधी. पहिली तार मात्र दर शोला तुटायची. मिरज शेजारीच, आणि मिरजेत सतारीच्या तारा हव्या तेवढ्या. सतारीची बाजाची, म्हणजे मुख्य तार ०.३० मिलिमीटरच्या आसपासची असते, म्हणजे त्या काळच्या गिटारीच्या जाड पहिल्या तारेच्या बरोबर जोडीची. पण सतारीच्या तारेला मणी नसतो. म्हणून मामा तुटलेल्या तारेचा मणी जपून ठेवायचे आणि सतारीच्या तारेला पीळ देऊन त्यात गुंफायचे. बारा वर्षं ही गिटार पहिल्या तारेवर मिरजेच्या पोलादावर वाजत होती.

आता मला सांगा, हिची मूळ अवस्था कुठली? टोकियोच्या कारखान्यातून निघाली ती? ती मी पाहिलेली नाही, मामांनीही पाहिली नाही. मी ठरवलं, मूळ म्हणजे १९८३ मध्ये मामांनी पेटीची कडी लावली तेव्हा होती ती. काडेपेटी राहील. हिरवी वायर राहील. छत्रीची काडी राहील. त्यानंतरच्या ३६ वर्षांत गंजाने, कसरीने आणि डांबरगोळ्यांनी केलेलं तेवढं मी काढेन.

डांबरगोळ्यांचा वेगळा राग आहे माझा. मामीने, की आणखी कुणी, चांगल्या मनाने टाकल्या असणार. कसर लागू नये म्हणून. पण त्याची वाफ काही प्लास्टिकला मऊ करते. एक गोळी घरंगळत जाऊन मधल्या पांढऱ्या बटणाला टेकून बसली होती, तिथे गोळीच्या आकाराचा खळगा पडलाय. तो राहिला तसाच. कसर मखमलीला लागायची ती लागलीच होती. जुन्या वाद्याच्या पेटीत डांबरगोळी नको, सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि महिन्याला बदला.

धुणंपुसणं सांगण्यासारखं फारसं नाही. सुती बनियनचा तुकडा, किंचित ओला, लगेच कोरडा. चकाकी आणणारं काहीही लावलं नाही. शिसवीच्या पट्टीवर घामाचा आणि खोबरेल तेलाचा थर बसला होता (मामांनी खोबरेल लावलेलं, वास ओळखला मी, खवट), तो लायटरचं पेट्रोल कापसाला लावून, खिडकी उघडी ठेवून, पडद्यापडद्याने काढला. नंतर खनिज तेलाचे चार थेंब, लावून अर्ध्या तासाने कोरडं पुसलं. बस्स. वर्षातून एकदा.

विजेच्या भागावर मात्र माझा हात बसलेला. पत्रा उचलला, मल्टीमीटर लावला. एक पिकअप ५.८ किलोओहम, दुसरा ६.१. दोन्ही जिवंत. मी खुर्चीत बसून हसले एकटीच. कारण वेटोळ्याची तार केसाहून बारीक असते, गंजून एका जागी तुटली की पिकअप मेला, आणि परत गुंडाळला तर तो तोच राहत नाही. या पिकअपमध्ये धातूचं चुंबक नाही, फ्रिजच्या दारात असते तसली रबरी चुंबकाची पट्टी आहे. शक्ती कमी, म्हणून तारेला ओढत नाही, तार मोकळी डुलते. शिवाय झाकण आणि वेटोळं मेणात बुडवलेलं नाही, त्यामुळे पिकअपवर टिचकी मारली तर ती सुद्धा स्पीकरमधून ऐकू येते. जाणकार याला दोष म्हणतात. मामा त्यावर बोटांनी घोड्याच्या टापा वाजवायचे, आणि टांग्याच्या गाण्याला पब्लिक शिट्ट्या मारायचं. कुणीतरी मला सुचवलं की मेणात बुडवून घ्या, दोष जाईल. टापाही गेल्या असत्या.

आवाजाची गोल बटणं फिरवली की खरखर. ती खरखर म्हणजे आतल्या कार्बनच्या पट्टीवरची धूळ आणि गंज. कॉन्टॅक्ट क्लीनरचा बारीक फवारा, मग बटण वीस वेळा या टोकापासून त्या टोकापर्यंत. डब्ल्यूडी-४० मारू नका, ते तेलकट राहतं आणि दुप्पट धूळ धरतं. एवढ्यावर दोन बटणं स्वच्छ झाली, तिसऱ्याला दोनदा करावं लागलं. ट्रेमोलोला जाणारी जमिनीची, म्हणजे अर्थिंगची तार सांध्यात तुटली होती, ती जोडली. जुन्या सांध्याला हात लावला नाही, शेजारीच नवा केला.

या जमिनीच्या तारेवरून अँप्लिफायरकडे येते. तो सांगलीच्याच एका रेडिओ मेकॅनिकने बनवलेला, व्हॉल्व्हचा. त्याला दोन पायांची पिन होती. अर्थिंगच नाही. आता बघा, गिटारीची तार ती जिच्यावर टेकते त्या घोडीतून जमिनीच्या तारेला, तिथून केबलने अँप्लिफायरच्या पत्र्याला जोडलेली असते. वाजवणाऱ्याचं अंग असं जोडलं की गुणगुण कमी होते. पण पत्र्यालाच अर्थिंग नसेल आणि तो थोडा जरी 'जिवंत' असेल, तर वाजवणाऱ्याचे हात त्या व्होल्टेजवर आणि ओठ माइकच्या व्होल्टेजवर. गणपतीच्या मांडवात लाइट एका खांबावरून, माइक दुसऱ्या खांबावरून. मधला दुवा आपण. इचलकरंजीत मामांना असा झटका बसला की ते माइकसकट मागे ड्रमवर पडले आणि लोकांना तो गाण्याचाच भाग वाटला. त्यानंतर ते माइकला रुमाल बांधून गायचे. कोरडा असेपर्यंत रुमाल चालतो. ऑगस्ट-सप्टेंबरात सांगली जिल्ह्यात काय कोरडं राहतं?

म्हणून तो अँप्लिफायर पुरात गेला याचं मला मनापासून वाईट वाटलं नाही. वाचला असता तर मी त्याला पहिल्या दिवशी तीन पायांची पिन लावली असती, आतले कंडेन्सर बदलले असते, आणि मूळपणाच्या नावाने कुणी ओरडलं असतं तर ओरडू दिलं असतं. जीव घेणारी गोष्ट जुनी आहे म्हणून जपायची नसते. आता एक छोटा, नवा, ट्रान्झिस्टरचा घेतला आहे. कुणाच्याही घरी गिटार न्यायची झाली तर मी आधी टेस्टर घेऊन त्यांचा सॉकेट तपासते. लोक हसतात.

राहिली घरघर. दुसऱ्या आणि तिसऱ्या तारेला, मोकळी छेडली की, माशी अडकल्यासारखी. जानेवारी २०२० मध्ये मी गिटार घेऊन मिरजेला गेले, सतारमेकर गल्लीत. विजेची गिटार घेऊन तिथे जाणं म्हणजे कुस्तीच्या आखाड्यात बॅडमिंटनची रॅकेट घेऊन जाण्यासारखं. दीडशे वर्षांहून जुना तो धंदा. मूळचे शिकलगार, शस्त्रांना पाणी देणारे, तलवारींचा काळ संपला तशी वाद्यांकडे वळलेली घराणी. दुकानात वर भोपळे टांगलेले, खाली लाखेचा वास, एक जण तंबोऱ्याच्या घोडीवर कानस चालवत होता. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं ही बातमी वाचली तेव्हा मला तो कानसेचा आवाजच आठवला.

ज्या वयस्कर कारागिरांना दाखवली त्यांनी गिटार मांडीवर आडवी घेतली, तंबोऱ्यासारखी. एकेक तार छेडली. "हिची जवारी उघडी आहे," म्हणाले. "बंद करू?"

मी बघतच राहिले. तंबोऱ्यात आणि सतारीत हीच घरघर माणसं दिवसदिवस बसून आणतात. घोडीचा माथा असा घासतात की तार तिला ओझरती शिवत राहते, त्यालाच जवारी म्हणतात, उघडी, मिटलेली, मध्यम. तिथली विद्या इथला रोग. त्यांनी भिंग लावून शून्य पडद्यावरच्या खाचा दाखवल्या. बारा वर्षं पोलादी तारेने त्याच जागी घासून खड्डे केले होते, तार खड्ड्यात लोळत होती. बाकीच्या पडद्यांवर पहिल्या तीनातच झीज होती, ती त्यांनी बारीक कानशीने गोलाकार केली, बदलले नाहीत. "मांस आहे अजून," म्हणाले. शून्य पडदा मात्र बदलावाच लागला. माझ्या व्याख्येप्रमाणे हा पराभव. जुना पडदा मी मागून घेतला, झंडू बामच्या बाटलीत मण्यांसोबत आहे.

रंगाचं विचारलं. मानेच्या मागे, अंगठा फिरतो तिथे, रंग उडून लाकूड दिसतं आहे. लाख लावून घ्यावी का? ते म्हणाले, "हात कुणाचा?" मी म्हटलं, मामांचा. "मग कशाला झाकता?" पैसे विचारले तर शंभर रुपये म्हणाले. मी पाचशे ठेवले, त्यांनी तीनशे परत केले आणि वर चहा पाजला.

तारांबद्दल एक गोष्ट मी चुकून शिकले. दुकानातला पोरगा म्हणाला म्हणून हलक्या, दहा नंबरच्या तारा लावल्या. सगळ्या सुरात, तिसरी मात्र वर चढत गेली की बेसूर. दोन आठवडे मी घोडी इकडेतिकडे सरकवली. कारण साधं होतं. ही गिटार बनली तेव्हा तिसरी तार गुंडाळलेली, म्हणजे तिच्यावर दुसरी बारीक तार वेढलेली असायची, हल्ली साधी असते. घोडीच्या पायऱ्या गुंडाळलेल्या तारेच्या हिशेबाने कापलेल्या आहेत. गुंडाळलेल्या तिसरीचा, अकरा नंबरचा संच मागवला आणि बेसूर गेला. जुनी वस्तू ऐकत नसेल तर आधी तिला तिच्या काळचं खायला घालून बघावं.

मग टाळेबंदी आली आणि मामा-मामी आमच्याकडे विश्रामबागेत राहायला आले, ते जुलै २०२१ ला गावभागात पुन्हा पाणी शिरलं तेव्हाही आमच्याकडेच होते. गिटार बैठकीच्या खोलीत, बाहेरच्या भिंतीपासून लांब, पेटीत. पेटीत सुई फिरणारं आर्द्रतामापक आहे, ४५ ते ५५ च्या मध्ये राहिलं की मी निवांत. पावसाळ्यात राहत नाही. दर पंधरवड्याला पेटी उघडायची, सगळी बटणं फिरवायची, तारा पुसायच्या. तारा मी अर्धा सूर खाली लावून ठेवते, पूर्ण सैल कधी नाही.

या सगळ्यात मामांनी तिला हात लावला नव्हता. विचारलं की "बोटं वळत न्हाईत आता" म्हणायचे. डाव्या हाताची दोन बोटं सांध्यात धरलेली आहेत हे खरं. मी आग्रह सोडून दिला होता.

गेल्या दिवाळीत, भाऊबीजेच्या संध्याकाळी, मी स्वयंपाकघरात असताना टापा ऐकू आल्या. टक टक टक-टक, टक टक टक-टक. बाहेर आले तर मामा खुर्चीत, गिटार मांडीवर, डोळे मिटलेले. मग एक तुकडा वाजवला, तीन बोटांनी जमेल तसा. आवाज जाड, मऊ, थोडा नाकातला. लहानपणी आईच्या मांडीवर झोपेत ऐकलेला आवाज तो, मला शपथेवर सांगता येणार नाही, पण तोच. मामी दारात उभी.

तालाला हात खाली आला आणि आवाज अचानक चिरका झाला. पत्र्याच्या डब्यासारखा. मामा थांबले. परत सुरू केलं. परत तेच.

"काय केलंस गं हिला?"

मी धावत जाऊन बघितलं. तिसरं डुलतं बटण. ते बदललं की आवाज एका बारीक कंडेन्सरमधून जातो आणि खालचे सूर गळतात. मामांचा तळहात वाजवताना त्यावरच पडत होता. "काही नाही, हे बटण दाबलं गेलं. मी साफ केलंय, आता चांगलं चालतं."

"चालतंय कशाला? तिथं पट्टी हुती."

होती. काळी इन्सुलेशन टेप, दोन पदरी, बटणावरून आडवी. कडा सुटलेल्या, डिंक पाघळून पत्र्यावर चिकट डाग झालेला. मी काडेपेटी जपली, छत्रीची काडी जपली, हिरव्या वायरचा फोटो काढून ठेवला, आणि ती पट्टी मात्र घाण म्हणून ओढून काढली. वर दोन तास लायटरच्या पेट्रोलने डिंक पुसत बसले होते.

"शेहात्तर सालापास्नं हुती," मामा म्हणाले. "जयसिंगपूरच्या शोला अशीच चिरकली, तवा लावलेली."

मी ड्रॉवरमधून टेप आणली. मामांनी दातांनी तुकडा तोडला, बटणावर आडवा लावला, अंगठ्याने घट्ट दाबला, आणि म्हणाले, "दुसरा पदर दे."